चेहरा १९५९चा, इंजिन आत्ताचं

शोरूममध्ये कधी ट्रायम्फची बॉनव्हिल स्पीडमास्टर उभी दिसली, तर नुसता सेल्फी काढून परत येऊ नका. खाली गुडघ्यावर बसा आणि इंजिनाच्या बाजूला नीट बघा. आजोबांच्या काळातल्या गाडीला असायचा तसा कार्ब्युरेटर दिसेल. छान, गोलसर, जुन्या वळणाचा. तो कार्ब्युरेटर नाहीये! आत फ्युएल इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी आहे, तिला कार्ब्युरेटरचा मुखवटा चढवलाय. इंजिनावर पातळ पातळ पट्ट्या दिसतील, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला असतात तशा. पण इंजिन थंड ठेवायचं मुख्य काम समोर फ्रेमच्या दोन नळ्यांच्या मधे दडवून बसवलेला रेडिएटर करतो. मागे बघा, शॉकअप दिसतच नाहीत. म्हणजे अगदी जुन्या, मागे स्प्रिंगच नसायची त्या जमान्यातली गाडी वाटते. शॉकअप आहे की! सीटखाली लपवलाय. मूठ पिळली की केबलही ओढली जात नाही, सेन्सरला निरोप जातो आणि कॉम्प्युटर ठरवतो पेट्रोल किती सोडायचं. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पावसासाठी वेगळा रायडिंग मोड आहे, क्रूझ कंट्रोल आहे.

थोडक्यात काय, तर मेकअप जुन्या नाटकाचा आणि नट आजचा. रेट्रो गाडी म्हणतात ती हीच.

आता तुम्ही म्हणाल, दहा लाखांच्या वर किंमत असलेल्या गाडीचं कॉलेजच्या पानावर काय काम? काम आहे. एक म्हणजे प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण असतोच, ज्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आईवडिलांच्या जागी ही गाडी असते. दुसरं, हेच नाव आता पुण्याशेजारी चाकणला बनणाऱ्या गाडीच्या टाकीवर येऊन बसलंय आणि तिची किंमत ‘पप्पा, प्लीज’च्या टप्प्यात आहे. आणि तिसरं कारण थोडं गंभीर आहे. या गाडीच्या मायदेशात तुमच्या वयाच्या पोरांना ती पूर्ण ताकदीनिशी चालवू देत नाहीत. आपल्याकडे देतात. का, ते पुढे येईलच.

कॉव्हेंट्री ते चाकण

ट्रायम्फ कंपनी सुरू केली ती न्यूरेंबर्गहून इंग्लंडला आलेल्या सिगफ्रीड बेटमान नावाच्या एका जर्मन माणसानं, १८८५ मध्ये. आधी सायकली, मग १९०२ मध्ये पहिली मोटरसायकल. कारखाना कॉव्हेंट्रीला. १९३७ मध्ये एडवर्ड टर्नर या डिझायनरनं स्पीड ट्विन आणली आणि शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर, हा ब्रिटिश मोटरसायकलचा चेहरा होऊन बसला. १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्री बेचिराख झालं, कारखानाही गेला. तो मग जवळच मेरिडेन या गावी नव्यानं उभा राहिला.

युद्धानंतर या गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिका. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी मोठी टाकी आणि खालचं हँडल. अमेरिकेला जाणाऱ्या गाडीला मात्र थेंबासारखी लहान टाकी आणि उंच, रुंद हँडल. तिकडे रस्ते लांब, सरळ. माणूस आरामात पसरून बसणार. ब्रिटिश क्रूझरचं मूळ शोधायचं तर ते इथेच सापडतं. गाडी इंग्लंडची, बसायची ऐट अमेरिकेची. १९५३च्या ‘द वाइल्ड वन’ सिनेमात मार्लन ब्रँडो ज्या गाडीवर बसून गावात घुसतो ती ट्रायम्फ थंडरबर्डच होती. गंमत अशी की ज्या देशाची गाडी, त्या ब्रिटनमध्ये सेन्सॉरनं १९६७ पर्यंत हा सिनेमा लागूच दिला नाही. पोरं बिघडतील म्हणून!

‘बॉनव्हिल’ हे नावसुद्धा अमेरिकेचंच. युटा राज्यातल्या मिठाच्या त्या अफाट सपाट मैदानावर १९५६ मध्ये जॉनी ॲलननं ट्रायम्फचं इंजिन बसवलेलं लांबलचक यान ताशी २१४ मैलांनी पळवलं होतं. १९५९ मध्ये आलेल्या नव्या मॉडेलला त्या मैदानाचं नाव मिळालं: बॉनव्हिल टी-१२०. एकशेवीस म्हणजे ताशी १२० मैल, असा कंपनीचा दावा.

मग १९६९ मध्ये होंडाची सीबी-७५० आली. चार सिलिंडर, बटन स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक, आणि खाली तेलाचा थेंब नाही. ब्रिटिश गाड्यांची तेल गळायची सवय इतकी प्रसिद्ध होती की तेल गळत नसेल तर संपलं असेल, असा विनोद व्हायचा. लुकास कंपनीच्या वायरिंगचा तर वेगळाच दरारा. भर रस्त्यात दिवे जायचे, म्हणून त्या कंपनीच्या मालकालाच लोक ‘अंधाराचा युवराज’ म्हणायचे. जपान्यांपुढे हे टिकणार कसं? १९७३ मध्ये मेरिडेन बंद करायची घोषणा झाली तेव्हा कामगारांनी गेट अडवून कारखान्याचा ताबा घेतला. पुढे स्वतःची सहकारी संस्था काढून गाड्या बनवत राहिले. शेवटी १९८३ मध्ये तोही संसार मोडला.

ते नाव विकत घेतलं जॉन ब्लूर नावाच्या बिल्डरनं. त्यानं लगेच जुन्या गाड्यांची री ओढली नाही. जपानी तंत्र अभ्यासलं, हिंकलीला नवा कारखाना बांधला आणि १९९१ मध्ये पूर्ण नव्या गाड्या आणल्या. पाय नीट रोवल्यावर मग २००१ मध्ये जुन्या चेहऱ्याची नवी बॉनव्हिल. तिच्या पाठोपाठ क्रूझर वळणाची ‘बॉनव्हिल अमेरिका’. नावातच सगळं आलं, नाही का? आजची १२०० सीसीची स्पीडमास्टर आली २०१८ मध्ये.

आणि ‘ब्रिटिश’ म्हणजे तरी काय, हा प्रश्न आता मजेशीर झालाय. बॉनव्हिल घराण्यातल्या बहुतेक गाड्या बनतात थायलंडमध्ये. स्पीड ४०० चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात. रॉयल एन्फिल्ड मूळची रेडिचची, पण मद्रासला १९५५ पासून बुलेट जोडायला सुरुवात झाली आणि आज ती पूर्ण भारतीय कंपनी आहे. नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे. बीएसए हे नाव महिंद्रांच्या गटातल्या क्लासिक लीजंड्सकडे. ज्यांच्या आजोबांनी या गाड्या फक्त साहेबाच्या ढुंगणाखाली पाहिल्या, त्यांचे नातू आता त्या बनवून साहेबाला विकतात. मला तर यात जाम मजा वाटते.

हप्ता, वेग आणि कायदा

आता ते गंभीर कारण. १९५०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच कामगारांच्या पोरांच्या हातात बऱ्यापैकी पगार आला. शिवाय हप्त्यानं गाडी मिळायला लागली. पोरं बॉनव्हिलसारख्या गाड्या घेऊन लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमायची. ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटरचा आकडा गाठला की ‘टन’ झाला म्हणायचे. टन मारणाऱ्या पोरांना ‘टन-अप बॉइज’. डोक्यावर हेल्मेट असलंच तर असलं, टायर अरुंद, ब्रेक ड्रमचे. नवखा पोरगा लर्निंग लायसन्सवर थेट साडेसहाशे सीसीची गाडी घेऊन निघू शकत होता.

आणि पोरं मरत होती.

म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटननं शिकाऊ चालकांवर २५० सीसीची मर्यादा घातली. ऐंशीच्या दशकात ती १२५ वर आणली. १९७३ मध्ये हेल्मेटसक्ती झाली. आजची तिथली पद्धत पायऱ्यांची आहे. सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची छोटी गाडी. एकोणिसाव्या वर्षी ‘ए-२’ लायसन्स, त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. दोन वर्षं त्या पायरीवर काढून पुन्हा परीक्षा दिली तर एकविसाव्या वर्षी पूर्ण लायसन्स. थेट मोठ्या गाडीवर बसायचं असेल तर वयाची चोवीस वर्षं पूर्ण हवीत.

स्पीडमास्टरची ताकद आहे साधारण ७७ हॉर्सपॉवर. म्हणजे हिंकलीत राहणारा एफवायचा पोरगा ती पूर्ण ताकदीनं कायद्यानं चालवू शकत नाही. हडपसरमध्ये राहणारा चालवू शकतो! आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं, की संपलं. शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओत आठचा आकडा काढून दाखवायचा आणि त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोची, १२०० सीसीची गाडी शोरूममधून बाहेर काढायची. कायदा अडवत नाही. म्हणून ती पायरी आपली आपणच बांधून घ्यावी लागते.

एक हिशेब करून बघा. १९५९ची टी-१२० होती ४६ हॉर्सपॉवरची. ज्या गाडीनं ब्रिटनला कायदे बदलायला लावले, ती एवढीच. आणि आपल्या चाकणची स्पीड ४००? चाळीस. म्हणजे ज्या गाडीला इन्स्टावर ‘एंट्री लेव्हल’ म्हणतात ती त्या टन-अपवाल्यांच्या स्वप्नातल्या गाडीच्या अगदी जवळ आहे. फरक एवढाच की आता एबीएस आहे आणि टायर चांगले आहेत. तुमची बरगडी मात्र १९५९चीच आहे.

स्पीड ४०० त्या ए-२च्या चौकटीत आरामात बसते. ती क्रूझर नाही हं, रोडस्टर आहे. बसायची पद्धत वेगळी. तुम्हाला हवीय ती ऐटीत बसायची गाडी, तर त्या पायरीवर रॉयल एन्फिल्डची सुपर मिटिऑर ६५० आहे. दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवर, खाली सीट, पाय पुढे. जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती. तीही पायरीच्या आतली, काठावर का होईना. तुमच्या पहिल्या मोठ्या गाडीचा विचार करताना ३५ किलोवॅटचा हा ब्रिटिश आकडा डोक्यात ठेवा, असं मी म्हणेन. उगाच काढलेला आकडा नाहीये तो.

ही पळवायची गाडी नाही

समजा मिळाली. मामाची असेल, भाड्याची असेल, टेस्ट राइड असेल. बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती उंची. सीट जमिनीपासून फक्त ७०५ मिलिमीटर. पाच फुटांच्या मुलीचेही पाय जमिनीला टेकतात. ‘मुलींना झेपेल का’ असं विचारणारे काका शेजारी असतील तर त्यांना हा आकडा सांगा. उंच ॲडव्हेंचर गाडीपेक्षा ही बुटकी क्रूझर सांभाळायला कितीतरी सोपी.

स्टार्ट केल्यावर आवाज. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली जायचे. त्यामुळे ठोके सारख्या अंतरानं पडायचे आणि गाडी थरथरायची. आजच्या स्पीडमास्टरमध्ये क्रँक २७० अंशांचा आहे. फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र ७२० अंशांचं. पहिला स्फोट झाल्यावर दुसरा २७० अंशांनी, आणि मग पुढचा थेट ४५० अंशांनी. म्हणजे दोन ठोके जवळजवळ आणि मग एक दम. ढोलाच्या ठेक्यात हात थांबतो ना, तसा. व्ही आकाराच्या इंजिनासारखा तो आवाज इथून येतो. एन्फिल्डच्या साडेसहाशेमध्येही हाच क्रँक आहे. त्यामुळे सायलेन्सर बदलून कान फोडायची काहीएक गरज नाही. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये पोलिसांनी असे ‘फटफट’ सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडलेत, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

आता गिअर टाका. इथे खरी ओळख होते. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर. स्पीडमास्टर १०६ न्यूटन मीटर देते आणि तेही फक्त चार हजार आरपीएमला. स्पीड ४०० देते साडेसदतीस, आणि त्यासाठी साडेसहा हजारापर्यंत जावं लागतं. रस्त्यावर याचा अर्थ काय? लहान गाडीवर ओव्हरटेक करायचा तर दोन गिअर खाली, मूठ पूर्ण, इंजिन किंचाळतंय. इथे वरच्याच गिअरमध्ये नुसतं मनगट वळवायचं. ताकद उसळत नाही, पाण्याच्या लोंढ्यासारखी वर येते. सत्तर-ऐंशीच्या वेगाला ही गाडी सगळ्यात गोड लागते. त्याच्या फार पुढे गेलात की मात्र समोर काच नसल्यानं वारा छातीवर थापा मारायला लागतो. हँडल रुंद, हात पसरलेले, तुम्ही म्हणजे शिडाचं जहाज. तासाभरात मान आणि दंड भरून येतात. पळवायची असेल तर दुसरी गाडी बघा. हिचा मान ती रमतगमत चालवण्यातच आहे.

आणि आमच्या नशिबाचा विनोद बघा. लांब, सरळ, गुळगुळीत रस्त्यासाठी बनलेली ही गाडी. महाराष्ट्रात असे रस्ते कुठले? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे: दुचाकींना बंदी. समृद्धी महामार्ग: बंदी. सी लिंक: बंदी. अटल सेतू: बंदी. म्हणजे बारा लाख घालूनही तुम्ही जुन्या हायवेनं, खंडाळ्याच्या घाटातून, एसटीच्या मागून.

घाटात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी बुटकी, त्यामुळे वळणावर फार झुकत नाही. जरा जास्त झुकवली की फुटरेस्टचं टोक रस्त्याला घासतं. खर्रर्र! पहिल्यांदा हा आवाज आला की नवखा घाबरून मूठ सोडतो किंवा ब्रेक दाबतो. तिथेच गडबड होते, गाडी सरळ होऊन वळणाच्या बाहेर जायला बघते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात मूठ स्थिर ठेवा, नजर जिथे जायचंय तिथे. समोरच्या कठड्याकडे बघाल तर कठड्याकडेच जाल.

स्पीडब्रेकर हा या गाडीचा जन्मजात शत्रू. मागचं सस्पेन्शन फार थोडं दबतं. शिवाय पाय पुढे असल्यामुळे स्प्लेंडरवर उभं राहून आपण धक्का झेलतो तसा झेलता येत नाही. सगळा दणका सरळ माकडहाडाला. आपल्या गल्लीत रिकामटेकड्यांनी घातलेले ते सिमेंटचे उंचवटे असतात ना, त्यावर इंजिनाचा खालचा भागही टेकू शकतो. तिरकं घेऊन हळूच उतरवायची.

सगळ्यात जास्त वेळा ही गाडी पडते ती शून्य वेगाला. हायवेवर नाही, पार्किंगमध्ये! यू-टर्न घेताना हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की अडीचशे किलो एका बाजूला कलंडतात आणि तुमचा पाय ते थांबवू शकत नाही. हळू चालवताना हाफ क्लच आणि मागचा ब्रेक. रिकाम्या मैदानावर एक अख्खी सकाळ फक्त आठचे आकडे काढण्यात घालवा, लाज वाटून घेऊ नका. आणि उतारावर तोंड भिंतीकडे करून गाडी कधी लावू नका. मागे ढकलून बाहेर काढताना चार मित्रांना फोन लावावा लागेल.

पडलीच तर? आधी किल स्विच. पडताना वाचवायला जाऊ नका, पाय काढून घ्या. टाकीचा पोचा निघतो, गुडघ्याचा नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी करताना पलीकडे जाणार नाही. गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. मग तिच्याकडे पाठ करा, सीटला टेकून खाली बसा, एका हातात हँडलची जवळची मूठ, दुसऱ्या हातात फ्रेम, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठा. पाठ वाकवून ओढाल तर आठवडाभर लेक्चरला जायची सोय राहणार नाही.

घरी आणल्यावर

हौसेचे आकडे सगळे सांगतात, बाकीचे कुणी सांगत नाही. दहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरा. महिन्याचा हप्ता २१ हजार २४७ रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज पावणेतीन लाख. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये तीस-पस्तीस हजारांची पहिली नोकरी लागलेल्यानं हे कागदावर मांडून बघावं आणि मग खोलीभाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे कशातून ते लिहावं. अडीच लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी त्याच व्याजानं घेतलं तर हप्ता आठ हजारांच्या जरा वर बसतो. दोन्ही हप्त्यांत एका माणसाच्या आयुष्याचा फरक आहे.

शिवाय ३५० सीसी ही आपल्याकडची लक्ष्मणरेषा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा सगळ्यात महाग टप्पाही ३५०च्या वरचाच. रेट्रो चेहराच हवा असेल तर या रेषेच्या अलीकडेही चांगल्या गाड्या आहेत, हे गणित करताना विसरू नका.

रोजच्या रोज काय? चेन आहे, तर दर काही शे किलोमीटरला ती पुसून तिला ल्यूब हवंच. पावसाळ्यात आणखी लवकर. तारांची चाकं फोटोत भन्नाट दिसतात, पण अशा चाकांत बहुतेकदा ट्यूब असते. म्हणजे खिळा घुसला की रस्त्याकडेला दांडी खुपसून पंक्चर काढायची सोय नाही, चाक खोलावं लागतं. एवढ्या जड गाडीचं चाक खोलायला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात जोडेल. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पोटरीला सायलेन्सरची धग लागते. शॉर्ट्स घालून निघालेल्यांना डाग पडतो, कायमचा. क्रोमवर पावसाचं पाणी आणि कोकणची खारी हवा बसली की गंजाचे ठिपके. ज्याला दर रविवारी फडकं घेऊन बसायला आवडतं त्यानंच क्रोम घ्यावं. (काहींना ते राइडपेक्षाही जास्त आवडतं. असतात असे.)

आणि मागची सीट. स्पीडमास्टरला आहे. तिच्या सख्ख्या बहिणीला, बॉबरला, नाहीच. एकट्यासाठीच बनवलीय. कॉलेजात ही किती मोठी अडचण आहे, ते तुम्हाला जास्त माहीत.

सेकंडहँड बघत असाल तर सर्व्हिस रेकॉर्ड मागा. आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे का ते बघा, असेल तर बँकेचं ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका. हँडलच्या टोकांवर, फुटरेस्टच्या टोकांवर आणि लिव्हरवर घासल्याच्या खुणा शोधा. वर सांगितलं ना, या गाड्या पार्किंगमध्ये पडतात.

विकत न घेताही या गाड्या जवळून बघायच्या असतील तर मे महिन्यात ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’वर लक्ष ठेवा. २०१२ मध्ये सिडनीहून सुरू झालेला हा उपक्रम. जगभरातल्या शहरांत, आपल्याकडे मुंबईतही, लोक सूट-टाय घालून जुन्या वळणाच्या गाड्यांवर संथ फेरी मारतात आणि पुरुषांचा प्रोस्टेट कॅन्सर आणि मानसिक आरोग्य यासाठी निधी गोळा करतात. सकाळी निघायच्या ठिकाणी जाऊन उभे राहा. मालक मंडळी गाडीबद्दल विचारलं की थांबत नाहीत. त्यांना टॉप स्पीड विचारू नका, त्यावर सगळेच फेकतात. ‘शेवटची कधी पडली आणि किती खर्च आला’ हे विचारा.

टेस्ट राइड मागायलाही काही लाजायचं नाही, लायसन्स असेल तर विचारून बघायला पैसे पडत नाहीत. मात्र स्लीपर घालून जाऊ नका. बूट, पूर्ण पँट आणि स्वतःचं, डोक्यात घट्ट बसणारं आयएसआय हेल्मेट घेऊन जा. शक्यतो भर दुपारी जा, गाडी गरम असताना, आणि सेल्समन रिकाम्या बायपासकडे न्यायला लागला तर त्याला म्हणा, नको, आधी मंडईच्या गल्लीतून एक चक्कर मारू.